दिवाणखान्यातलं गाणं, रंगमंचावरचे गळे

मुसोर्गस्कीने ‘पिसवेचं गाणं’ लिहिलं १८७९ साली. त्या सुमारास तो दार्या लिओनोवा या गायिकेला पियानोची साथ करत रशियाच्या दक्षिणेकडच्या शहरांतून हिंडत होता, आणि हे गाणं त्याने तिलाच अर्पण केलं. म्हणजे मुळात ही बाईच्या गळ्यातली चीज. आज ती एखाद्या बाईने गायली तर श्रोते चमकून बघतात, कारण मधल्या काळात फ्योदोर शाल्यापिन नावाच्या खर्जातल्या गायकाने ती कायमची आपल्या नावावर करून घेतली. राजा पिसू पाळतो, तिला मखमली अंगरखा शिवून देतो, मोठ्या हुद्द्यावर बसवतो, आणि दरबारी मंडळींना चावे सोसत गप्प बसावं लागतं. १९२६च्या तबकडीवर शाल्यापिन हे गाण्यापेक्षा सांगतो जास्त. मधूनमधून तो हसतो. ते हसणं सुरात आहे की सुराबाहेर, हे शंभर वर्षं होत आली तरी नेमकं सांगता येत नाही. पुढे आलेल्या प्रत्येक बास गायकाला त्या हसण्याचं काही ना काही करावं लागलं. बहुतेकांनी नक्कल केली, आणि ती लगेच कळते.

खरं तर या गाण्यांना ऑपेराच्या गायकांची गरज नव्हती. रशियात ज्याला ‘रोमान्स’ म्हणतात तो प्रकार आपल्या भावगीताच्या जवळचा. पुश्किन, त्युत्चेव्ह, फेत अशा कवींची एखादी छोटी कविता, एक गळा, एक पियानो आणि दिवाणखान्यात बसलेली वीस-पंचवीस माणसं. ग्लिंका आणि दार्गोमिझ्स्कीपासून हा प्रवाह सुरू झाला. चायकोव्स्कीने अशी शंभरेक गाणी रचली, रखमानिनोव्हने ऐंशीच्या वर, मुसोर्गस्कीने साठाच्या वर. भावगीतापेक्षा एक गोष्ट मात्र फार वेगळी : पियानोचा प्रत्येक स्वर रचनाकाराने लिहून ठेवलेला असतो. गायक गप्प झाल्यावर पियानो जे बोलतो, त्यात पुष्कळदा गाण्याचं मर्म असतं. दोन हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात वाद्यवृंदाला भेदून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची ज्या गळ्याला सवय, त्याने ही गाणी कशी गावी, हा पेच या ध्वनिमुद्रणांत पहिल्यापासून आजवर दिसतो.

ग्रामोफोन कंपन्यांना या पेचाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना नावं हवी होती, आणि नावं ऑपेरात होती. शिवाय रोमान्स तीन-चार मिनिटांत संपतो. गौहरजानला रागाचा विस्तार तबकडीच्या मापात दाबून बसवावा लागला होता, तसं इथे काही कापावं लागत नव्हतं. १९०२मध्ये कोलकात्यात गौहरजानचा आवाज टिपणारा फ्रेड गैसबर्ग त्याच काळात रशियाच्याही खेपा करत होता. पुढे शाल्यापिनशी त्याची वर्षानुवर्षं दोस्ती राहिली. प्रतिष्ठित गायकांच्या महागड्या तबकड्यांना लाल लेबल लावायची रीतही आधी रशियातल्या धंद्यातच रुजली. शाल्यापिनच्या पहिल्या तबकड्या १९०१-०२च्या हिवाळ्यात मॉस्कोत निघाल्या.

त्या ऐकताना कान बराच समजूतदार ठेवावा लागतो. कर्ण्यासमोर उभं राहून गायचं, जोराचा स्वर आला की डोकं मागे घ्यायचं, आणि पियानो कुठून तरी पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा. हळू स्वर मेणावर उमटतच नसत. म्हणजे रोमान्समध्ये जे सर्वांत मोलाचं, तेच गळून जाई. सोबिनोव्ह आणि नेझ्दानोवा या ऑपेरागायकांच्या त्या काळातल्या तबकड्यांना इतिहासात मान आहे. आवाज सुंदर आहेत हेही कळतं. पण त्या ऐकून रखमानिनोव्हची गाणी कळतात असं मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. त्याच्या ‘वासंतिक जलधारा’ या गाण्यात बर्फ वितळून लोटलेलं पाणी सगळं पियानोत आहे. ते काढून घेतलं की उरते एक उत्साही आरोळी.

१९२५ साली मायक्रोफोन आला आणि शाल्यापिनला त्याचा खरा जोडीदार मिळाला. तोवर तो देश सोडून आला होता. १९२२नंतर तो परतलाच नाही. पश्चिमेत केलेल्या त्याच्या तबकड्यांत ग्लिंकाचं ‘मध्यरात्रीची कवायत’ आहे, दार्गोमिझ्स्कीचं ‘म्हातारा शिपाई’ आहे. मृत्युदंडासाठी चालवलेला शिपाई बरोबरच्यांना पावलं जुळवायला सांगतो, तेव्हा आवाजाचा खडखडाट आणि लगेच पुढच्या ओळीतला कापरेपणा, दोन्ही मायक्रोफोन टिपतो. कर्ण्याला हे जमलं नसतं. शाल्यापिन गाणं लहान करत नाही. उलट तीन मिनिटांत अख्खा रंगमंच उभा करतो. मुसोर्गस्की आणि दार्गोमिझ्स्कीला ते मानवतं, कारण त्यांची गाणी म्हणजे मुळात माणसंच आहेत. चायकोव्स्कीच्या गाण्यात तोच शाल्यापिन उगाच मोठा वाटतो.

रखमानिनोव्हच्या बाबतीत एक हळहळ कायमची राहणार. शाल्यापिनचा तो तरुणपणापासूनचा मित्र, मामोंतोव्हच्या खासगी ऑपेरातला सहकारी, आणि त्याच्या पिढीतल्या सर्वांत मोठ्या पियानोवादकांपैकी एक. त्याने एकट्याने कितीतरी तबकड्या केल्या. पण स्वतःच्या गाण्याला स्वतः साथ केली आहे अशी एकही तबकडी नाही. गळ्याला त्याची साथ असलेलं एक ध्वनिमुद्रण आहे ते नादेझ्दा प्लेवित्स्कायाबरोबरचं, १९२६ सालचं आणि तेही एका लोकगीताचं. प्लेवित्स्काया ऑपेराची गायिका नव्हे, लोकगीतं म्हणणारी शेतकऱ्याची पोर. पुढे ती सोव्हिएत हेर म्हणून फ्रान्समध्ये पकडली गेली आणि १९४० साली तुरुंगातच गेली. त्या एका तबकडीवर पियानो काय करतो हे ऐकलं की वाटतं, याने आपल्या एखाद्या गाण्याला अशी साथ केली असती तर! रशिया सोडल्यावर त्याने एकट्या गळ्यासाठी एकही नवं गाणं लिहिलं नाही.

मायदेशात राहिलेल्यांची कथा निराळी. क्रांतीनंतर दहा-बारा वर्षांत कट्टर मंडळींनी रोमान्सला बूर्झ्वा रडगाणं ठरवलं. रखमानिनोव्हने अमेरिकेत सोव्हिएत राजवटीविरुद्धच्या पत्रावर सही केली म्हणून १९३१ साली त्याच्या संगीतावर बहिष्कारही आला. पुढे वारा फिरला. चायकोव्स्की राष्ट्रीय ठेवा ठरला, आणि त्याचा फायदा सेर्गेय लेमेशेव्ह नावाच्या टेनरला मिळाला. त्वेर प्रांतातल्या खेड्यातला हा शेतकऱ्याचा मुलगा. ‘संगीत कथा’ या १९४०च्या चित्रपटामुळे घरोघरी पोचला. त्याच्या आणि इव्हान कोझलोव्स्कीच्या चाहत्या बायकांचे दोन तट मॉस्कोत होते, आणि त्यांची भांडणं रस्त्यावर येत. त्या गलबल्यात एक गंभीर काम झाकलं गेलं : तिसाच्या दशकाच्या अखेरीस लेमेशेव्हने मैफलींची मालिका करून चायकोव्स्कीचे सगळे रोमान्स गायले. असं त्याच्याआधी कुणी केलं नव्हतं. युद्धकाळात क्षयामुळे त्याचं एक फुप्फुस निकामी करून ठेवावं लागलं, तरी तो गात राहिला. श्वासाला मर्यादा पडल्यावर गवई एक तर आरडतो किंवा शहाणा होतो. लेमेशेव्ह शहाणा झाला. त्याच्या चायकोव्स्कीत शब्द गालातल्या गालात बोलल्यासारखे येतात, आणि नाट्यगृह आठवतही नाही. कोझलोव्स्कीचा गळा जास्त चमत्कारिक, जास्त लवचीक, पण त्याला स्वर धरून ठेवायचा मोह आवरत नाही.

मुसोर्गस्कीच्या गाण्यांचा पहिला संपूर्ण संच सोव्हिएत संघात नव्हे, पॅरिसमध्ये झाला, आणि गायक होता बल्गेरियन. बोरिस ख्रिस्तोव्ह कायदा शिकलेला. बल्गेरियाच्या राजा बोरिसच्या कृपेने शिष्यवृत्ती मिळवून इटलीत गेला. १९५० साली न्यूयॉर्कला गायला जायचं होतं, पण साम्यवादी देशातला म्हणून अमेरिकेने व्हिसा नाकारला. १९५५ ते १९५७ या काळात त्याने मुसोर्गस्कीची ६३ गाणी मुद्रित केली. पियानोवर अलेक्सांद्र लाबिन्स्की, काही गाण्यांना झॉर्झ त्झिपिनच्या हाताखालचा वाद्यवृंद.

या संचात एक धाडस आहे, त्यावर जाणकार अजून भांडतात. ‘बालकक्ष’ ही मालिका लहान मुलाच्या तोंडची. सहसा ती सोप्रानो गातात. ख्रिस्तोव्ह, ज्याचा ऑपेरातला बोरिस गोदुनोव्ह ऐकून अंगावर काटा येतो, तो तिथे मूल होतो. ‘भुंगा’ या गाण्यात पोरगा काटक्यांचं घर बांधत असतो, तेवढ्यात काळाकुट्ट भुंगा येऊन कपाळाजवळ आदळतो. घाबरून तो डोळे मिटून पडतो. उघडून बघतो तर भुंगा उताणा, पंख नुसते थरथरताहेत. ख्रिस्तोव्ह आवाजातला सगळा लोखंडी भाग काढून टाकतो, स्वर टाळूजवळ आणून बारीक करतो, आणि शेवटी पोराने विचारलेला प्रश्न अर्धवट सोडून देतो. काहींना हे सोंग वाटतं. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत अवघड अभिनय वाटतो, आणि तो त्याने अंधाऱ्या स्टुडिओत, वेशभूषेशिवाय केलाय.

गालिना विश्नेव्स्काया आणि तिचा नवरा म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोविच या जोडीची गोष्ट राजकारणाशिवाय सांगता येत नाही. रोस्त्रोपोविच जगाला चेलोवादक म्हणून माहीत; बायकोला मात्र तो पियानोची साथ करी, आणि ती साथ हट्टी, आग्रही असे. लेनिनग्राडच्या वेढ्यात उपाशी राहून जगलेली ही बाई मुसोर्गस्कीची ‘मृत्यूची गाणी आणि नृत्यं’ गाते तेव्हा मृत्यू तिला कुणी शिकवलेला नसतो. शोस्ताकोविचने १९६२ साली या गाण्यांना वाद्यवृंदाचा साज चढवला तो तिच्यासाठीच. पुढे या दांपत्याने राजवटीला नकोशा झालेल्या सोल्झेनित्सिन या लेखकाला आपल्या बंगलीत आसरा दिला. १९७४ला देश सोडावा लागला, १९७८ला नागरिकत्व गेलं. परदेशात केलेल्या त्यांच्या रखमानिनोव्हच्या ध्वनिमुद्रणात तिचा आवाज वरच्या पट्टीत कर्कश होतो, हे मान्य केलं पाहिजे. तरी त्यातलं एक गाणं सोडू नये : पुश्किनच्या कवितेवरचं ‘ने पोय, क्रसावित्सा’ (‘गाऊ नकोस, सुंदरी’). डाव्या हाताखाली एकच स्वर ठोके देत राहतो, वरून सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने उतरतात, आणि शेवटचं कडवं येतं तेव्हा गळ्याला वरचा ‘ए’ अगदी हळू उचलायचा असतो. ऑपेरातल्या माणसाला तिथे जोर काढायची सवय. हीच जागा खरी कसोटी.

त्या कसोटीला उतरलेला माझ्या मते सर्वांत निर्दोष गायक निकोलाय गेद्दा. स्टॉकहोमचा; पण सांभाळ करणारा काका मिखाईल उस्तिनोव्ह हा कोसॅक गायकवृंदातला बास, लायपझिगच्या रशियन चर्चमध्ये भजनं म्हणवून घेणारा. त्यामुळे रशियन भाषा गेद्दाने पुस्तकातून नाही, घरातून घेतली. अलेक्सिस वायसेनबर्गच्या साथीतलं त्याचं हे गाणं ऐकावं. वरचा स्वर येतो आणि वरून आलाय हे कळतच नाही. एलिझाबेथ सोडरस्ट्रॉमही स्वीडनचीच, आई रशियन. व्लादिमिर अश्केनाझीबरोबर तिने सत्तरच्या दशकात रखमानिनोव्हची सगळी गाणी पुरी केली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, आणि तेच कामी आलं. अश्केनाझीला दबून वाजवावं लागलं नाही, आणि ‘जलधारा’ला एकदाचं पाणी मिळालं.

सोव्हिएत संघाच्या शेवटच्या दिवसांत सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा दिमित्री ख्वोरोस्तोव्स्की आला. १९८९मध्ये कार्डिफच्या स्पर्धेत त्याने ब्रिन टर्फेलला मागे टाकलं आणि थोड्याच काळात चायकोव्स्की-रखमानिनोव्हच्या गाण्यांची सीडी केली. साथीला ओलेग बोश्न्याकोविच, वयाची सत्तरी गाठलेला जुन्या वळणाचा पियानोवादक. ख्वोरोस्तोव्स्कीच्या दमसासाची तेव्हा दंतकथा झाली. ओळीमागून ओळ तो एका श्वासात ओढी. मला मात्र त्या सीडीत जास्त भावतो तो म्हातारा. तरुण गायक आवाजाच्या मस्तीत पुढे निघाला की तो एखादा स्वर किंचित उशिरा टाकून त्याला जागेवर आणतो. २०१७ साली ख्वोरोस्तोव्स्की मेंदूच्या गाठीने गेला, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. त्या सीडीनंतरची त्याची ध्वनिमुद्रणं मोठी, गडद, पण त्यात नाकाने ओढलेला श्वास फार ऐकू येतो आणि पियानो नोकरासारखा मागे उभा राहतो.

ख्वोरोस्तोव्स्कीनंतर आलेल्यांचं बरंचसं मी झरझर ऐकलं. अॅना नेट्रेब्को आणि डॅनियल बॅरेनबॉइम यांची २००९ची साल्झबुर्गची मैफल चकचकीत आहे, त्यापलीकडे फारसं नाही. अलीकडे थांबून ऐकलं ते अस्मिक ग्रिगोरियानचं, २०२२मध्ये लुकास गेनिउशास या पियानोवादकाबरोबर निघालेलं रखमानिनोव्ह. इथे दोघं बरोबरीने बोलतात.

ज्यांना या गाण्यांकडे वळायचंय त्यांनी आधी कवितेचा अर्थ वाचून घ्यावा आणि लेमेशेव्हच्या चायकोव्स्कीपासून सुरुवात करावी. मग गेद्दा, मग सोडरस्ट्रॉम. शाल्यापिन केव्हाही चालेल. ख्रिस्तोव्हचा ‘बालकक्ष’ मात्र शेवटी ठेवा. आधी ऐकलात तर हसाल आणि बाकीचं ऐकायचं राहून जाईल.