यकृताचा कारभार आणि वनस्पतींची ढवळाढवळ

गिळलेले औषध जसेच्या तसे रक्तात उतरते, ही सार्वत्रिक समजूत यथार्थ नव्हे. कारण आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात सायटोक्रोम पी-४५० या कुलातील विकरे, म्हणजेच एन्झाइम, जकात नाक्यावरील अंमलदारांप्रमाणे ठाण मांडून असतात, आणि डॉक्टर जी मात्रा लिहून देतात तीत त्यांनी कापून घ्यावयाचा हिस्सा आधीच हिशेबात धरलेला असतो.

हा हिशेब एक फळ कसे उलथून टाकते, ते कॅनडातील लंडन शहरी संशोधक डेव्हिड बेली यांना अकल्पितपणे दिसून आले. फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधावर मद्याचा परिणाम पाहण्यासाठी योजिलेल्या प्रयोगात, मद्याची चव ओळखू येऊ नये म्हणून, त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. तो रक्तातील औषध अपेक्षेच्या कितीतरी पट चढलेले आढळले, आणि तेही मद्य असो वा नसो! १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधाचे मूळ पुढे रसातील फ्युरानोकुमारिन द्रव्यांत सापडले. ही द्रव्ये आतड्यातील सीवायपी ३ए४ या विकरास नुसती अडवीत नाहीत, तर कायमची निकामी करतात. नवे विकर घडण्यास एक ते तीन दिवस लागत असल्याने सकाळी रस आणि रात्री गोळी ही तजवीज फोल ठरते. ग्रेपफ्रूट हे पपनसाचेच संकरित अपत्य असून पपनसातही ही द्रव्ये असतात, हे आपल्याकडील रुग्णांनी अवश्य ध्यानी ठेवावे.

त्रिकटू या आयुर्वेदिक चूर्णातील मिरी आणि पिंपळी या दोहोंत असणारे पिपेरिनही विकरांच्या कामात अडथळा आणते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली हळदीतील कर्क्युमिनच्या २ ग्रॅम मात्रेसोबत अवघे २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले, तेव्हा कर्क्युमिनची रक्तातील उपलब्धता सुमारे २० पटींनी वाढली. आमटीतल्या चार मिऱ्यांना भिण्याचे कारण नाही. सावधगिरी हवी ती अर्क भरलेल्या कॅप्सूलांबाबत.

सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीचे वर्तन याच्या नेमके उलट. उदासीनतेवर घेतली जाणारी ही वनस्पती हायपरफोरिन या घटकाच्या बळावर यकृताकडून जादा विकरे घडवून घेते, आणि औषध आपले काम करण्यापूर्वीच खर्ची पडते. झुरिच येथे हृदयारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या रक्तातील, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे, सायक्लोस्पोरिन हे औषध असेच ओसरले आणि शरीर त्या परक्या हृदयावर उलटले, ही हकीकत २००० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ही वनस्पती सोडल्यावर वाढलेली विकरे पूर्वपदावर येण्यास आठवडा-दोन आठवडे जातात आणि तेवढ्या अवधीत पूर्वीचीच मात्रा हळूहळू जास्त होऊ लागते. म्हणून ती सुरू करताना जशी, तशीच सोडतानाही डॉक्टरांना वर्दी दिली पाहिजे, आणि रक्त पुन्हा तपासून मात्रा नव्याने मुक्रर करून घेतली पाहिजे.