एका वर्षात पाली : नव्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची दिशा

शाळेत पालीचे एक अक्षरही न शिकलेल्या विद्यार्थ्याने परीक्षेसाठी हा विषय घ्यावा काय, आणि एका वर्षात त्याची तयारी होईल काय, असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. कोणी कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेताना विचारतो, तर कोणी बाहेरून परीक्षेस बसताना. आमचे उत्तर असे की, तयारी होते. मात्र ती कशाच्या बळावर होते आणि कशामुळे बिघडते, हे आधी समजून घेतले पाहिजे. विषय निवडण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम व नेमलेली पुस्तके आपल्या महाविद्यालयात विचारून घ्यावीत, हे वेगळे सांगावयास नको.

पहिली गोष्ट म्हणजे मराठी विद्यार्थ्याला पाली परकी नाही. पालीच्या परंपरागत वर्णमालेत आठ स्वर व तेहतीस व्यंजने मिळून एकेचाळीस वर्ण आहेत. ऋ, ऐ, औ, श, ष आणि विसर्ग यांचा तेथे त्रास नाही. अभिजात संस्कृतात न आढळणारा 'ळ' मात्र पालीत आहे आणि तो आपल्या जिभेवर जन्मापासून आहे. द्विवचन नाही. शब्दसंग्रहाची गोष्टही अशीच आहे. पालीतील सत्त, अट्ठ, हत्थ, कण्ण, भत्त, सप्प, अज्ज हे शब्द मराठीच्या सात, आठ, हात, कान, भात, साप, आज या शब्दांशेजारी ठेवून पाहावेत. जोडाक्षर सुटे झाले आणि मागचा स्वर दीर्घ झाला, हा एकच नियम ध्यानी आला की शेकडो शब्द ओळखीचे होतात. मराठी थेट पालीतून आलेली नाही. ती महाराष्ट्री प्राकृताच्या मार्गाने आली. तथापि दोघींचे नाते जवळचे आहे, यात संशय नाही.

दुसरी गोष्ट, विहारात वाढलेल्या मुलाच्या कानावर पाली आधीच पडलेली असते. त्रिशरण-पंचशील त्याला मुखोद्गत असते. परंतु मुखोद्गत असणे म्हणजे समजणे नव्हे. म्हणून अभ्यासाचा आरंभ या परिचित शब्दांपासूनच करावा, असे आम्ही सुचवितो. 'गच्छामि' आणि 'समादियामि' या दोन शब्दांच्या अखेरीस 'मि' का येतो? कारण तो 'मी' या कर्त्याचा प्रत्यय आहे. तो ओळखला की गच्छामि, गच्छाम, गच्छसि, गच्छथ, गच्छति, गच्छन्ति ही सहा रूपे पाठ करण्याचे ओझे वाटत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी. मराठी व्याकरणात 'प्रथम पुरुष' म्हणजे 'मी'. पाली व्याकरणात 'पठमपुरिस' म्हणजे 'तो', आणि 'मी' हा 'उत्तमपुरिस' होय. या एका नावाच्या गोंधळात व्याकरणाचे पक्के गुण जाताना आम्ही पाहिले आहेत.

नामाच्या बाबतीत 'बुद्ध' हा अकारान्त शब्द प्रथम पक्का करावा : बुद्धो, बुद्धं, बुद्धेन, बुद्धस्स. चतुर्थी व षष्ठी यांचे रूप बहुधा एकच असते, हा विद्यार्थ्यास लाभच आहे. परंतु 'बुद्धा' याचा अर्थ 'अनेक बुद्ध' असाही होतो आणि 'बुद्धापासून' असाही. 'बुद्धे' याचा अर्थ 'बुद्धांना' असाही होतो आणि 'बुद्धाच्या ठायी' असाही. निर्णय वाक्यातील क्रियापद करते. म्हणून रूपे सुटी पाठ न करता वाक्यात वाचावीत.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ओळखीचा शब्द कधी कधी फसवितो. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत वेदना सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी तीन प्रकारची असते. मराठीतील 'काम' हे पालीतील 'कम्म' होय, तर पालीतील 'काम' म्हणजे विषयभोगाची इच्छा. 'कुसल' म्हणजे केवळ निपुण नव्हे. लोभ, द्वेष व मोह यांपासून मुक्त असलेले चित्त व कर्म ते कुसल. जो विद्यार्थी असे पंचवीस-तीस शब्द वहीत वेगळे टिपून ठेवील, त्याचे भाषांतर चुकणार नाही. किंबहुना धम्माविषयीचे त्याचे कितीतरी गैरसमजही दूर होतील.

वेळेचा हिशेब पाहू. जूनच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सुमारे दोनशे दिवस मिळतात. रोज पाऊण तास दिला तरी दीडशे तास होतात. पहिले दोन आठवडे वाचन व लेखन. त्यानंतर आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे वर्षावासाचे तीन महिने व्याकरणाला द्यावेत : नामे, सर्वनामे, वर्तमान, भूत व भविष्यकाळ, आणि 'गन्त्वा', 'कत्वा' यांसारखी रूपे. ही रूपे आपल्या 'जाऊन', 'करून' यांचेच काम करतात. पुढील अडीच महिने नेमलेले गद्य-पद्य पाठ स्वतः अन्वय लावून वाचावेत. धम्मपदाच्या ४२३ गाथांपैकी ज्या नेमलेल्या असतील, त्यांतील प्रत्येक शब्दाची विभक्ती सांगता आली पाहिजे. उरलेला काळ प्रश्नपत्रिका सोडविण्यासाठी ठेवावा.

या क्रमाचा शत्रू एकच, तो म्हणजे तयार भाषांतर. पाली हा 'गुण देणारा विषय' आहे, असे सांगून मुलांच्या हाती मार्गदर्शिका दिली जाते; मूल मराठी भाषांतर पाठ करते आणि मूळ ओळ पाहतही नाही. असा विद्यार्थी उत्तीर्ण होतो, प्रसंगी चांगले गुणही मिळवितो. पण अपठित उतारा समोर आला की थबकतो. पुढे पदवीस तो पाली घेत नाही आणि विहारात गाथेचा अर्थ विचारला तर मान खाली घालतो. वर्ष वाया गेले असे त्याला वाटत नाही, आणि हीच त्यातील खरी हानी आहे.

परीक्षेचा विषय निवडणे ही क्षुल्लक बाब नाही, हे आपल्या समाजाला सांगावयास नको. शालेय वयात बाबासाहेबांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फार्सी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचे व्याकरण व शब्दकोश यांवर परिश्रम घेतले. ते साहित्य महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. दर्जा दिल्लीत मिळतो. वर्ग मात्र विद्यार्थ्यांनी अर्जावर विषयाचे नाव लिहिल्याने चालतात. विद्यार्थी नसतील तर शिक्षकाचे पद राहत नाही, आणि एकदा बंद पडलेला वर्ग सहसा पुन्हा उघडत नाही.

म्हणून विहारांना आमची एक विनंती आहे. वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्याच्या आधी अर्धा तास पालीचा वर्ग ठेवावा. परीक्षेस बसणारी दोन मुले असली तरी पुरे. त्यांच्यासोबत आईवडीलही बसतील, आणि इतकी वर्षे म्हणत आलेल्या शब्दांचा अर्थ आपल्या मुलाच्या तोंडून ऐकतील. एका वर्षात पंडित होता येत नाही. परंतु जे आपण म्हणतो ते समजून म्हणणे एका वर्षात निश्चित साधते.