डार्विनची बेटं आणि आपली अंजनेरी

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमानाचा जन्म इथला, असं आजी-आजोबांनी तुम्हाला सांगितलं असेलच. कितीतरी जण गडावर जाऊनही आले असतील. पण वरच्या पठारावर पावसाळ्यात एक रोपटं उगवतं, ते पाहिलंत का? वीत-दीड वीत उंचीचं, गवतात सहज हरवणारं. त्याचं शास्त्रीय नाव 'सेरोपेजिया अंजनेरिका'. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ही नवी जात जगापुढे मांडली. अंजनेरीचा परिसर सोडला, तर ती जगात आणखी कुठे सापडल्याचं माहीत नाही.

सेरोपेजियाला मराठीत कंदीलपुष्प किंवा खरपुडी म्हणतात. जमिनीखाली कंद असतो. पावसाळा संपला की वरचं रोप वाळून जातं आणि कंद पुढच्या पावसाची वाट बघत झोपून राहतो. फूल म्हणजे तर एक गंमतच आहे! खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला छोटासा कंदील. वासाला भुलून बारीक माशी नळीत शिरते. आतले केस खालच्या बाजूला झुकलेले, त्यामुळे आत जाता येतं, पण बाहेर पडता येत नाही. माशी कैदेत! काही काळाने केस सुकतात आणि तिची सुटका होते, पण जाताना ती परागांचं गाठोडं अंगाला चिकटवून नेते. मग दुसऱ्या फुलात पुन्हा तीच फजिती.

आता खरा प्रश्न. भारतात कंदीलपुष्पाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. एखादी जात देशभर सापडते. पण काही अगदी हट्टी! 'लॉई' ही जात हरिश्चंद्रगडाच्या परिसरातली. 'महाबळेई' जुन्नरच्या डोंगरांतली. 'पाचगणीएन्सिस' कुठली ते नावच सांगतं. भावंडंच ही सगळी, मग प्रत्येकाने आपापला डोंगर का धरून ठेवलाय?

असाच प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका तरुणाला पडला होता, पण डोंगरांबद्दल नाही, बेटांबद्दल. त्याचं नाव चार्ल्स डार्विन. १८३१ च्या डिसेंबरात तो 'बीगल' जहाजावर चढला आणि पाच वर्षं जगभर फिरला. सप्टेंबर १८३५ मध्ये जहाज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला गॅलापागोस बेटांवर पोचलं. डार्विन तेव्हा २६ वर्षांचा होता. त्याने तिथे पाचेक आठवडे दगड, कासवं, पक्षी, झाडं, जे दिसेल ते गोळा केलं. तिथला एक अधिकारी म्हणाला, कासव बघून ते कोणत्या बेटावरचं हे मी सांगू शकतो! डार्विनने तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही.

आणि तिथेच घोटाळा झाला. फिंच नावाचे छोटे पक्षी त्याने पुष्कळ आणले, पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे धड लिहिलंच नाही. (फिंच पक्ष्यांच्या चोची पाहिल्या आणि डार्विनला उत्क्रांती सुचली, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. गोष्ट इतकी सरळ नव्हती!) लंडनला परतल्यावर जॉन गुल्ड या पक्षितज्ज्ञाने सांगितलं, की या वेगवेगळ्या जाती आहेत. मग कप्तान फिट्झरॉय आणि इतर सोबत्यांनी आणलेले पक्षी मागवून बेटांचा हिशेब लावत बसावं लागलं.

वनस्पतींच्या बाबतीत मात्र त्याने बेटांची सरमिसळ होऊ दिली नव्हती. ती सुकवलेली झाडं गेली जोसेफ हूकर या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाकडे. हा हूकर डार्विनचा इतका चाहता, की डार्विनच्या प्रवासवर्णनाची छापखान्यातली कच्ची पानं उशाखाली ठेवून झोपायचा! त्याने एकेक बेट वेगळं काढून मोजदाद केली. जेम्स नावाच्या बेटावरच्या ७१ जातींपैकी ३८ गॅलापागोसखेरीज जगात कुठेच नव्हत्या. आणि त्या ३८ मधल्या तब्बल ३० फक्त त्या एकाच बेटावरच्या! शेजारची बेटं नुसत्या डोळ्यांना दिसतात, तरीही तिथे नव्हत्या.

डार्विनच्या मनात जे घोळत होतं, त्याला हा भक्कम आधार मिळाला. सजीवांच्या जाती कायमच्या ठरलेल्या नसतात, त्या बदलत जातात, असं त्याला वाटू लागलं होतं. १८४४ साली हे त्याने हूकरलाच पत्रातून कळवलं, तेही खुनाची कबुली द्यावी तसं घाबरत घाबरत. पुस्तक छापलं १८५९ साली.

आता गंमत ऐका. हाच हूकर पुढे भारतात आला, हिमालयात हिंडला आणि भारतातल्या वनस्पतींवर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. त्यातच १८८३ साली 'सेरोपेजिया लॉई' हे नाव दिलं. लॉ नावाचे इंग्रज अधिकारी आपल्या भागातल्या वनस्पती गोळा करत, त्यांच्यावरून. म्हणजे गॅलापागोसची झाडं ज्याने मोजली, त्याच माणसाने आपल्या सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाचं बारसं केलं!

सह्याद्रीत समुद्र नाही, मग बेटं कुठली? अंजनेरीच्या माथ्यावर उभे राहा. तुम्ही सव्वाचार हजार फुटांवर आहात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले. पुढे पाऊस आणि नद्यांनी ते कापून काढले आणि मधूनमधून सपाट माथे उरले. माथ्यावर ढग, गार वारा, कातळ आणि बोटभर माती. खाली ऊन, शेतं, गावं. माथ्यावर वाढणाऱ्या रोपट्याला खालचा मुलूख म्हणजे समुद्रच की!

कंदीलपुष्पाच्या बीला रुईसारखी रेशमी शेंडी असते. आपण जिला 'म्हातारी' म्हणतो, तीच. समजा, अशी एखादी म्हातारी वाऱ्यावर उडत दुसऱ्या माथ्यावर पडली आणि रुजली. तिच्या मुला-नातवंडांत थोडा थोडा फरक असणारच, जसा तुम्हा भावंडांत असतो. तिथल्या मातीला, वाऱ्याला, माश्यांना जी रोपं मानवतील, त्यांना बिया जास्त. जुन्या डोंगराशी परागांची देवाणघेवाण बंद. अशा हजारो पिढ्या गेल्या, की भावंडं परकी होतात. अर्थात, दुसरीही एक शक्यता असते : पूर्वी जात पुष्कळ डोंगरांवर होती, बाकी ठिकाणची संपली आणि एकाच माथ्यावर उरली. कोण कोणाचं जवळचं, हे आज शास्त्रज्ञ डीएनए जुळवून पाहतात आणि त्यावरून असा इतिहास शोधतात.

पालकांनाही एक सांगायचंय. देशभर वाढणाऱ्या खरपुडीची शंभर रोपं गेली, तर बाकीची असतात. अंजनेरिकाचं तसं नाही. २०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, हे फार बरं झालं. तरीही त्यानंतर गडावर मोटाररस्ता नेण्याचे, ब्रह्मगिरीपासून रोपवे टाकण्याचे बेत पुढे आले आणि नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला. आजीलाही दर्शन घडावं, असं वाटणं चुकीचं नाही. पण ज्या माथ्यावर खांब रोवायचे, त्याच माथ्यावर ते कंद झोपलेले असतात. आणि उन्हाळ्यात मोजणीला गेलात, तर वर एक पानही दिसत नाही!

श्रावण-भाद्रपदात गडावर गेलात, तर पाऊलवाट सोडू नका. कंदील दिसला, तर हात न लावता वाकून बघा आणि वहीत चित्र काढा. खाली तारीख लिहा, कातळावर होतं की गवतात ते लिहा, आणि डोंगराचं नाव तर लिहाच. नुसतं 'सह्याद्रीत दिसलं' एवढंच लिहिलंत, तर तुमच्या कंदिलाची गत डार्विनच्या फिंच पक्ष्यांसारखी होईल!