कोलेस्टेरॉलची गोळी आणि विषाणूंचा आजार : आशा किती, पुरावा किती?

रात्रीच्या जेवणानंतर कोलेस्टेरॉलची एक लहानशी गोळी घेणे, हा आपल्या धर्मग्रामांतील अनेक ज्येष्ठांचा नित्यक्रम झाला आहे. अॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन ही त्या गोळ्यांची नावे. 'स्टॅटिन' हे त्यांचे कुलनाम. हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका कमी करणे हे त्यांचे मुख्य कार्य. हीच गोळी फ्लू किंवा कोविडच्या गंभीर रुग्णाचे प्राण वाचवू शकेल काय, असा प्रश्न वैद्यकविश्वात सुमारे वीस वर्षे चर्चिला जात आहे. साथीच्या काळात ऐकीव माहितीवर औषधे घेतली जातात, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७३ साली एका बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका एन्झाइमला ते रोखते. १९८७ साली अमेरिकेत लोवास्टॅटिनला मान्यता मिळाली आणि ही औषधे जगभर पोहोचली.

विषाणूंशी त्यांचा संबंध कसा? गंभीर संसर्गात पुष्कळदा विषाणूपेक्षा शरीराची स्वतःची अनावर प्रतिक्रियाच घातक ठरते. दाह वाढतो, रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर सैल होते आणि फुप्फुसांत पाणी झिरपते. स्टॅटिन हा दाह काहीसा शमवते व अस्तराला स्थैर्य देते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. या आधारे डॉ. डेव्हिड फेडसन यांनी २००६ साली असे सुचविले की, महासाथीत लस तयार होईपर्यंत ही स्वस्त औषधे गरीब देशांना आधार देऊ शकतील काय, हे तपासून पाहावे.

प्रारंभीची निरीक्षणे आशादायक होती. २००७-०८ च्या हंगामात अमेरिकेत फ्लूमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ३,०४३ रुग्णांच्या पाहणीत, स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. परंतु नियमित औषधे घेणारी माणसे एरवीही प्रकृतीला जपतात. मग श्रेय गोळीचे की त्या काळजीचे? याचा निवाडा चिठ्ठी टाकून रुग्णांचे गट पाडणाऱ्या चाचणीतूनच होऊ शकतो.

अशा चाचण्यांनी उत्साहाला आवर घातला. फुप्फुसे निकामी होऊ लागलेल्या रुग्णांवरील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ साली आले. लाभ दिसला नाही. इराणमध्ये अतिदक्षता विभागातील कोविड रुग्णांना अॅटोर्वास्टॅटिन देऊनही ठळक फरक पडला नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले. २०२३ साली मात्र 'रीमॅप-कॅप' या बहुराष्ट्रीय चाचणीने वेगळा सूर लावला. २,६८४ अत्यवस्थ कोविड रुग्णांच्या या अभ्यासात सिम्वास्टॅटिन उपयुक्त असल्याची शक्यता सुमारे ९६ टक्के निघाली. आधी ठरविलेली कसोटी ९९ टक्क्यांची होती. रुग्णसंख्या घटल्याने चाचणी थांबली आणि प्रश्न अर्धाच सुटला.

तात्पर्य असे की, आशेला जागा आहे, पण सिद्ध झालेला उपचार म्हणता येईल एवढा पुरावा नाही. म्हणून ताप किंवा साथ यांच्या भीतीने ही गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. ज्यांना ती हृदयासाठी दिलेली आहे, त्यांनी आजारपणात ती परस्पर बंदही करू नये. इतर औषधे सुरू होताना डॉक्टरांना तिची कल्पना अवश्य द्यावी. कारण रिटोनाविर असलेल्या कोविडवरील औषधासोबत सिम्वास्टॅटिन व लोवास्टॅटिन घेणे स्नायूंना घातक ठरू शकते. स्नायू फार दुखू लागले किंवा लघवी गडद झाली, तर त्वरित तपासणी करावी. गर्भवती भगिनींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

एक प्रश्न मात्र उरतोच. स्वामित्वहक्क संपलेल्या स्वस्त औषधाच्या चाचणीतून कंपन्यांना फारसा नफा नसतो. मग ती चाचणी करणार कोण? गरिबाच्या आवाक्यातील औषध खरोखर गुणकारी आहे की नाही, हे पुढील महासाथ येण्यापूर्वी शोधणे ही शासनांची व सार्वजनिक संस्थांची जबाबदारी आहे. साथ दाराशी आल्यावर चाचणीची आखणी सुरू केली, तर उत्तर हाती येईपर्यंत पुष्कळांचा निरोप घेण्याची वेळ आलेली असते.