बारावे पान कोणते?

शाळेचा वार्षिक अंक छपाईला गेला आहे. प्लेटा करण्यापूर्वी शेवटची नजर टाकण्यासाठी मुद्रणालयाने अंकाची पीडीएफ फाइल पाठवली आहे. आठवीतल्या एका मुलीच्या कवितेखाली तिचे आडनाव चुकले आहे, हे शिक्षकांच्या लक्षात येते. पानाच्या तळाशी १२ हा आकडा आहे. शिक्षक फोनवर कळवतात, 'पान बारा, कवितेखालचे आडनाव बदला.' मुद्रणालयातला ऑपरेटर फाइलच्या बाराव्या पानावर जातो, तर तिथे क्रीडास्पर्धांचा अहवाल! कवितेचा पत्ताच नाही. दोघांचेही मोजणे बरोबर आहे, पण दोघे वेगवेगळ्या पानांविषयी बोलत आहेत. हा घोटाळा कुठे होतो हे समजले, तर डेस्कटॉप पब्लिशिंगचे, म्हणजेच आपल्याकडे सर्वतोमुखी झालेल्या डीटीपीचे, निम्मे तंत्र समजले असे म्हणायला हरकत नाही.

मुळात मराठीत 'पान' हा शब्दच आपण दोन अर्थांनी वापरतो. झाडाच्या पानासारखे दोन बाजू असलेले कागदाचे पत्र तेही पान, आणि त्याची एक बाजू, म्हणजे पृष्ठ, तेही पानच. पोथीमध्ये पत्रे सुटी असतात आणि क्रमांक पत्राला दिलेला असतो. वाऱ्याने पोथी उधळली तर ती पुन्हा लावण्याचे साधन म्हणजे तो क्रमांक. बांधलेल्या पुस्तकात क्रम राखण्याचे काम शिलाई करते. तेथे आकड्याला दुसरे काम मिळते, ते म्हणजे पत्ता सांगण्याचे. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस याने १४९९ साली छापलेल्या पेरोत्तीच्या 'कॉर्नुकोपिया' या भल्यामोठ्या ग्रंथात प्रत्येक पृष्ठाला आणि ओळींनाही अंक दिले. त्यामुळे सूचीतून नेमक्या ओळीवर पोहोचता येऊ लागले. पुढे १९८५ साली पॉल ब्रेनर्ड यांच्या अमेरिकन कंपनीने 'पेजमेकर' ही आज्ञावली बाजारात आणली. त्या कंपनीचे नाव आल्डस होते, ते याच मुद्रकावरून घेतलेले.

पेजमेकरमध्ये पान 'उघडणे' म्हणजे नेमके काय होत होते? छापलेले पुस्तक आपण उलगडतो तेव्हा पान आधीपासून तेथे असतेच. संगणकात तसे नसते. त्या काळातील मॅकिन्टॉश संगणकाच्या पडद्यावर ५१२ × ३४२ ठिपके असत. एका ठिपक्याला एक बिट धरला, तर पडद्यावरचे चित्र सुमारे २२ हजार बाइटांत मावते. पण लेझर प्रिंटरवर दर इंचाला ३०० ठिपके या दराने ए-४ आकाराचे एक पान छापायचे, तर २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके लागतात. त्यांचे साधारण ११ लाख बाइट होतात. ५१२ किलोबाइट स्मृती असलेल्या संगणकात असे एक पान अर्धेही मावले नसते, मग चाळीस पानांची काय कथा! म्हणून पानाचे चित्र साठवायचेच नाही, कृती साठवायची अशी युक्ती वापरली गेली. डाव्या कडेपासून इतक्या अंतरावर इतक्या रुंदीचा स्तंभ, त्यात हा मजकूर, या आकाराच्या अक्षरांत, त्याखाली ही रेघ. पान म्हणजे अशा वस्तूंची आणि त्यांच्या सहनिर्देशकांची यादी. एका पानावरून दुसऱ्यावर जायचे म्हणजे दुसरी यादी हाती घेऊन ते पान पडद्यावर नव्याने रेखाटायचे. जुन्या यंत्रांवर पान बदलताना वाट पाहावी लागे ती यामुळे. छायाचित्रे असलेल्या पानावर तर ती फारच लांबे, म्हणून चित्राच्या जागी नुसता करडा चौकोन दाखवण्याची सोय दिलेली असे. आजचे संगणक हे काम डोळ्याचे पाते लवण्याआधी करतात. पण पद्धत मूलतः तीच आहे.

आता या यादीत फिरायचे कसे ते पाहू. पेजमेकरमध्ये खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पानांची इवलीशी चित्रे ओळीने दिसत. त्यावरचा आकडा पाहून माऊसने टिचकी मारली की ते पान समोर येई. पाने पुष्कळ असली की ही ओळ मावेनाशी होते, म्हणून क्रमांक टाइप करून थेट जाण्याचीही आज्ञा होती. शिफ्टची कळ दाबून ती आज्ञा निवडली, तर पाने एकामागून एक आपोआप उलटू लागत आणि माऊसची कळ दाबेपर्यंत उलटत राहत. पुष्कळांना ही करमणूक वाटे. आमच्या मते ती तपासणीची उत्तम रीत होती. सगळी पाने एकाच आकारात आणि एकाच जागी झरझर बदलली, की जे पानोपानी सारखे असते ते स्थिर भासते आणि जे हलले आहे तेवढेच डोळ्यांत भरते. समासापासून दोन मिलिमीटर सरकलेला स्तंभ असा चटकन सापडतो. क्लाइड टॉम्बॉ यांनी १९३० साली प्लूटो शोधला तो याच तत्त्वावर. जानेवारीत काही दिवसांच्या अंतराने घेतलेली आकाशाच्या एकाच भागाची दोन छायाचित्रे आलटून पालटून पाहताना हजारो तारे जागच्या जागी राहिले आणि एक ठिपका उडी मारताना दिसला.

पेजमेकरची २००१ मधली सातवी आवृत्ती ही शेवटची मोठी आवृत्ती ठरली. त्याची जागा अडोबी कंपनीच्या इनडिझाइनने घेतली. स्क्रायबस ही मोफत मिळणारी आज्ञावलीही शाळांना वापरता येण्याजोगी आहे. इनडिझाइनमध्ये पानांची छोटी चित्रे एका वेगळ्या फलकात असतात. क्रमांक देऊन जाण्यासाठी विंडोज संगणकावर कंट्रोल आणि जे या कळा, पुढच्या पानासाठी शिफ्ट आणि पेज डाउन, तर समोरासमोरची जोडपाने एकदम ओलांडायची असतील तर ऑल्ट आणि पेज डाउन. एवढे पाठ असले तरी रोजचे काम भागते.

मात्र एक सापळा येथे सांगितलाच पाहिजे. फलकातील पानावर एकदा टिचकी मारली की ते पान फक्त निवडले जाते. पडद्यावर आधीचेच पान दिसत राहते. दोनदा टिचकी मारली तरच आपण तेथे जातो. म्हणजे 'दिसणारे पान' आणि 'निवडलेले पान' या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. समोर जाहिरातीचे जुने पान दिसते आहे, ते नको म्हणून फलकातील पान काढून टाकण्याची आज्ञा दिली, आणि निवडलेले पान मात्र कवितांचे होते, तर कविता जातात. येथे आणखी एक गंमत आहे. पानापानांतून सलग वाहणारा मोठा लेख असेल, तर मधले पान काढल्यावर त्याचा मजकूर नष्ट होत नाही, पुढच्या पानांवर सरकतो. परंतु एकाच चौकटीत बसलेली सुटी कविता चौकटीबरोबर नाहीशी होते. मुलांच्या अंकात सुट्या चौकटीच जास्त, त्यामुळे नुकसान नेमके त्यांचेच होते. केलेली कृती उलटवण्याची सोय असते खरी. पण काय गेले हे लक्षात आले तर!

आता पानाच्या तळाशी असलेल्या आकड्याकडे वळू. नवशिका माणूस प्रत्येक पानावर जाऊन १, २, ३ असे टाइप करतो. मध्ये एक जाहिरात वाढली की सगळे बदलत बसावे लागते. खरी रीत अशी की मास्टर पानावर एकदाच एक खूण ठेवायची. मास्टर पान म्हणजे सर्व पानांखाली पसरलेला साचा; त्याला स्वतःचा क्रमांक नसतो. म्हणूनच पेजमेकरमध्ये त्या खुणेच्या जागी डाव्या मास्टर पानावर 'एलएम' आणि उजव्यावर 'आरएम' अशी अक्षरे दिसत. प्रत्यक्ष पानावर गेल्यावर संगणक त्या जागी 'हे कितवे पान' याचे उत्तर काढून लिहितो. गणिताच्या भाषेत मास्टर पानावर चल असते आणि प्रत्येक पानावर त्याची किंमत. बीजगणिताच्या तासाला हे उदाहरण जरूर द्यावे.

मराठी अंकाच्या बाबतीत येथे थोडे थांबावे लागते. जुन्या मराठी फॉन्टपैकी अनेकांत इंग्रजी अंकाच्या संकेतांकावरच देवनागरी अंकाची आकृती बसवलेली असे. संगणक मनातल्या मनात इंग्रजी आकडा मोजी, छापून मात्र देवनागरी येई. युनिकोडमध्ये इंग्रजी एकचा संकेतांक ४९ आणि देवनागरी १ चा २४०७ असा स्वतंत्र आहे. त्यामुळे नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. अंक देवनागरी हवेत हे वेगळे सांगावे लागते. जुना अंक युनिकोडमध्ये आणल्यावर मजकूर मराठीत आणि पृष्ठांक तेवढे इंग्रजीत का दिसतात, याचे हे कारण.

आता आपल्या हरवलेल्या कवितेकडे जाऊ. समजा, अंकाची एकूण ४४ पाने आहेत. पहिली ८ पाने शीर्षक, संपादक मंडळ, मनोगत, अनुक्रमणिका यांची. त्यांना अ, आ, इ असे वेगळे क्रमांक दिले किंवा दिलेच नाहीत, आणि १ हा आकडा नवव्या पानापासून सुरू केला. असा स्वतंत्र क्रमांकाचा विभाग करण्याची सोय इनडिझाइन आणि स्क्रायबसमध्ये असते. मग छापील १२ म्हणजे फाइलमधले विसावे पान. आणि फाइलमधले बारावे पान म्हणजे छापील ४! घोटाळा झाला तो येथे. इनडिझाइनमध्ये नुसते १२ टाइप केले तर छापील १२ उघडते, आणि आकड्याआधी अधिकचे चिन्ह देऊन +१२ टाइप केले तर सुरुवातीपासून मोजलेले बारावे. पीडीएफ फाइलमध्येही प्रत्येक पानाला नावाची चिठ्ठी लावता येते. चिठ्ठी लावलेली असेल तर अॅक्रोबॅटसारखे वाचक-सॉफ्टवेअर १२ हा आकडा दाखवून शेजारी '४४ पैकी २०' असेही सांगते. चिठ्ठी लावायची राहिली, किंवा तुमच्या भ्रमणध्वनीवरचे सॉफ्टवेअर ती वाचत नसेल, तर नुसती मोजणी उरते.

सुरुवातीची पाने ८ च का, ७ का नकोत? पुस्तकात विषम क्रमांक नेहमी उजव्या हाताला येतात. सुरुवातीला ७ पाने घेतली तर छापील १ डाव्या बाजूला येईल, किंवा मध्ये एक कोरे पान सोडावे लागेल. याच कारणासाठी अंक लावून झाल्यावर मध्येच एकच पान घुसवणे धोक्याचे असते. त्यापुढची सगळी डावी पाने उजवी होतात, समोरासमोर जुळवलेले चित्र आणि लेख यांची ताटातूट होते. जाहिरात आलीच तर दोन पानांची जागा करावी आणि उरलेल्या पानावर मुलांची चित्रे छापावीत, हे उत्तम. अनुक्रमणिकेतले आकडे हाताने टाइप केलेले असतील तर ते बदलत नाहीत हेही विसरू नये. म्हणून हाताने केलेली अनुक्रमणिका सर्वांत शेवटी तपासावी.

मुद्रणालयात गेल्यावर पानांना तिसराच क्रम मिळतो. मधोमध टाचलेल्या अंकात एका कागदाची घडी घातली की चार पाने होतात, म्हणून ४४ पानांना ११ कागद लागतात. सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला पहिले आणि चव्वेचाळिसावे पान शेजारी असतात, दुसऱ्या बाजूला दुसरे आणि त्रेचाळिसावे. कोणतीही बाजू घ्या, दोन्ही पानांची बेरीज ४५, म्हणजे एकूण पानांपेक्षा एकने जास्त. तेव्हा फाइलमधल्या विसाव्या पानाचा कागदावरचा शेजारी पंचविसावे पान, म्हणजे छापील १२ च्या शेजारी छापील १७. वाचकाला मात्र १२ समोर १३ दिसते. मोठ्या यंत्रावर तर असे अनेक कागद जोडून एका प्लेटवर चार किंवा आठ पाने एकदम छापतात. एका आडनावासाठी ती सगळी प्लेट नव्याने करावी लागते. शेवटच्या क्षणी केलेल्या दुरुस्तीला मुद्रक कुरकुर करतात ती यामुळे, आणि त्यांची कुरकुर रास्त आहे.

तेव्हा दुरुस्ती कळवताना ती फोनवर न सांगता कागदावर लिहावी, आणि अशी लिहावी: छापील पान १२, फाइलमधले विसावे, कवितेचे शीर्षक अमुक, छापलेले आडनाव अमुक, हवे ते अमुक. चार शब्द जास्त लागतात, पण चुकीच्या पानावर जाण्याची शक्यता उरत नाही.

वर्गात हे करून पाहायला कोरे ११ कागद पुरतात. ते एकत्र ठेवून मधोमध दुमडावेत, पहिल्या पानापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत मुलांना क्रमांक लिहायला सांगावेत आणि मग कागद सुटे करून प्रत्येक बाजूची बेरीज करायला लावावी. सुटे करण्यापूर्वी घडी केलेल्या गठ्ठ्याची मोकळी कड मात्र नीट पाहावी. आतले कागद बाहेरच्यांपेक्षा थोडे पुढे आलेले दिसतील, कारण बाहेरच्या कागदांना सगळ्यांच्या जाडीला वळसा घालावा लागतो. अंक टाचल्यावर हा पुढे आलेला भाग कापून टाकतात, त्यामुळे मधल्या पानांचा बाहेरचा समास बाहेरच्या पानांपेक्षा अरुंद होतो. पृष्ठांक मास्टर पानावर कडेला अगदी चिकटून ठेवला असेल, तर मधल्या पानांवर तो कापला जाण्याची भीती असते; म्हणून तो कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत घ्यावा.