अंगणातला फ्लडलाइट घेताना ल्युमेन बघा!

अकोला-अमरावतीकडे कुणाच्या अंगणात ५०० वॅटचा जुना हॅलोजन अजून टांगलेला असेल, तर हा हिशोब पाहावाच. त्याचा उजेड साधारण ९ ते १० हजार ल्युमेन. तेवढाच उजेड १०० वॅटचा चांगला एलईडी देतो. रोज ५ तास दिवा चालला, तर महिन्याला ६० युनिट वाचतात! म्हणून खोक्यावर वॅटच्या आधी ल्युमेन वाचावेत. लहान अंगणाला २० ते ३० वॅटही पुरतात.

वऱ्हाडात खरी परीक्षा उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि उष्णता हीच एलईडीची वैरीण. बहुतेकदा आधी दगावतो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट. त्यामुळे पाठीला ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असलेला वजनदार दिवा घ्यावा आणि तो तापल्या टिनाला चिकटवून लावू नये. आयपी ६५ हवंच: ६ म्हणजे धूळबंद, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव. मृगाच्या विजांसाठी सर्ज संरक्षणही बघावं.

रंग पिवळसर, ३००० केल्विनचा. निळसर पांढऱ्या उजेडावर किडे जास्त झेपावतात.

मेळघाटालगतच्या गावांत दिव्याचं तोंड जमिनीकडेच असावं. तिथल्या निशाचर प्राण्यांना अंधार लागतो. मोशन सेन्सर बसवला, तर कुणी आल्यावरच दिवा लागतो.