काचीगुडा ते चारमिनार : भोकरकरांचं अर्ध्या दिवसाचं हैदराबाद

भोकरच्या माणसाला हैदराबाद बहुधा तुकड्यातुकड्यांनीच भेटतं. कुणाचं ऑपरेशन, लग्नाचा बस्ता, नाहीतर तिरुपतीला जाता-येता गाडीची वाट पाहणं. काम आटोपून हातात चार-पाच तास उरतात आणि मग रिक्षावाला नेईल ते बघायचं. एवढ्याशा वेळात गोवळकोंड्याच्या नादी लागू नये, असं माझं मत. किल्ल्याला अख्खा दिवस लागतो. आणि भोकरकरांचे जुने लागेबांधे शोधायचे तर ते किल्ल्यात कमी, काचीगुडा स्टेशनापासून चारमिनारपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांत जास्त सापडतात.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भोकर हैदराबाद राज्यात होतं. त्या दिवशी मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि अडीचशे किलोमीटरांच्या आसपास असलेली राजधानी सहाशेच्या पलीकडे गेली. हैदराबाद परराज्यातलं शहर झालं. लोकांचे पाय मात्र तिकडेच वळत राहिले; दवाखाना म्हटलं की आजही आधी नांदेड, मग हैदराबाद.

सुरुवात काचीगुड्याच्या इमारतीपासून करावी. घुमट आणि मिनारांची ही वास्तू १९१६ ची, व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाने निजाम सरकारसाठी उभारलेली. मनमाडहून नांदेडमार्गे हैदराबादकडे येणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज त्याआधीच सुरू झाली होती. भोकर ज्या मार्गावर आहे तो आदिलाबादचा फाटा मुदखेडला याच लाइनीला मिळतो. प्रवासी स्टेशनातून बाहेर पडतात ते थेट रिक्षाचा भाव करत. मागे वळून इमारतीकडे बघणारे थोडेच.

तिथून सुलतान बाजार, कोठी. इथे मात्र रेंगाळायला हवं. हा भाग ब्रिटिश रेसिडेन्सीचा. इंग्रज रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिकने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधवलेली रेसिडेन्सी पुढे महिला महाविद्यालय झाली. तिच्याभोवतीच्या बाजारांत १९३३ पर्यंत निजामाचा नव्हे, इंग्रजांचा अंमल होता. निजामी हद्दीत सभा घ्यायची तर परवानगी लागे. इथे हात थोडे मोकळे. मराठी मंडळींनी या मोकळिकीचा फायदा घेतला नसता तरच नवल. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा काढली, ती जवळच जामबागेत. इसामिया बाजारात १९२२ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलनही हैदराबादेत भरलं, अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर. तेलुगूंचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय तर त्याही आधीचं, १९०१ चं, आणि तेही याच परिसरात. साड्यांच्या दुकानांतून वाट काढताना हे काही दिसत नाही, कुणी दाखवतही नाही. मराठवाड्यातल्या शाळांच्या सहली इथून थेट चारमिनारला जातात, याचं मला वाईट वाटतं.

अफजलगंज ओलांडलं की मुसी. आज तिच्याकडे बघून खरं वाटणार नाही, पण २८ सप्टेंबर १९०८ च्या पुरात या नदीने हजारोंचे जीव घेतले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंच आहे. त्या पुरात तिच्या फांद्यांवर चढून दीडशे माणसं वाचली, असं सांगतात. पुराच्या धड्यातून, विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली, आणि नदीकाठ नव्याने आखला गेला. एका काठावर रुग्णालय आणि समोरच्या काठावर १९२० मध्ये सुरू झालेलं हायकोर्ट, दोन्ही एशच्याच हातची.

या हायकोर्टाच्या लाल दगडाकडे भोकरकरांनी जरा वेळ बघावं. १९५६ पर्यंत आपल्याकडची जमिनीची, वाटणीची अपिलं इथे यायची, आणि निजामाच्या काळात कारभार उर्दूत. औरंगाबादला खंडपीठ आलं ते थेट १९८१ मध्ये. भोकरमधून विधानसभेवर गेलेले शंकरराव चव्हाण वकिली शिकले तेही हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात. आणि हा संबंध जुन्या पिढीबरोबर संपला म्हणावं तर अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला हैदराबादचीच दप्तरं उघडावी लागली.

नयापूल, मदिना, पत्थरगट्टी. दगडी कमानींखालची मोत्यांची दुकानं बाहेरूनच पाहिली तरी चालतं. पारख नसेल तर आत न गेलेलं बरं. पुढे १५९१ चा चारमिनार, मुहम्मद कुली कुतुबशाहाचा. त्याच्याबद्दल वेगळं काय सांगायचं? सकाळी लवकर पोहोचलात तर गर्दीच्या आधी त्याचे चारही मिनार नीट दिसतात, एवढंच. शेजारी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट, लाड बाजारात लाखेच्या बांगड्या. बांगड्यांचा पहिला भाव ऐकून घाबरू नये, निम्म्यापासून सुरुवात करावी.

परतताना तिकिटावर स्टेशन काचीगुडा आहे की सिकंदराबाद, हे बघून घ्या. काचीगुड्याला रिक्षा पुरते. सिकंदराबादसाठी इमलीबनच्या बसस्थानकाला लागूनच मेट्रो मिळते. संध्याकाळी कोठीच्या कोंडीत रिक्षात अडकून गाडी चुकवण्यापेक्षा ती बरी. आणि एसटीने जायचं असेल, तर इमलीबनहून कुठेच जायला नको.